एका डोळ्याचा मीटर

यंत्र खोटं बोलत नाही, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी स्वतः जन्मभर सातपूरच्या कारखान्यांत यंत्रंच दुरुस्त केली, तरीही फिरतं. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या निवृत्तीला या एका वाक्याने आयुष्यातून उठवलं.

निवृत्ती निफाडकडचा. आईबाप लवकर गेले. थोरल्या भावाने, लहानूने, विहिरी खोदून त्याला आयटीआय शिकवलं. द्राक्षबागा वाढत होत्या, गावोगाव विहिरी खोदायला माणसं हवी होती. लहानू तळाशी उतरून दगड भरायचा आणि वर यारीवर त्याचा जिवलग काळू असायचा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचा इंजिनाचा रहाट. त्याच्या दोराने लोखंडी बादली खाली-वर होते. तळापासून थोड्या उंचीवर बादली आली की समजावं म्हणून लहानू रोज सकाळी दोराला लाल चिंधी बांधायचा. चिंधी रहाटावरून सुटली की काळू हात आवरता घ्यायचा. एकदा चिंधी गळून पडली आणि लहानूचा अंगठा चेचला. निवृत्तीच्या जिवाला तेव्हापासून चैन नव्हतं.

आमच्याकडे केबल गुंडाळण्याच्या मशीनवर लांबी मोजायला एक खाचांची चकती होती. चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. एक खाच सरकली की एक ठोका. ठोके मोजून मायक्रोकंट्रोलरची चिप मीटर दाखवायची. शहाऐंशी साल होतं, अशी चिप आमच्याकडे नवीनच होती. निवृत्तीने तसंच यंत्र यारीसाठी बनवलं. चकती रहाटाच्या कण्यावर बसवली. काळूने दांडा 'खाली'कडे टाकला की आकडा वाढायचा, 'वर'कडे टाकला की कमी व्हायचा. बादली किती फूट खाली आहे ते लाल आकड्यांत दिसू लागलं. लहानूने गावभर पेढे वाटले. "आता चिंधी कशाला?" निवृत्तीनेच म्हटलं आणि ती सुटली. एवढ्या हुशार पोराला कोण नाही म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी भरलेली बादली वर येत असताना इंजिन अडखळलं. बादली घसरून खाली गेली. काळूने ब्रेक दाबला. खालून लहानू ओरडला, "दगड हलतोय, परत खाली घे." काळूने आकडा पाहिला. बावीस. विहीर पन्नास फुटांची, म्हणजे अजून पुष्कळ दोर होता. त्याने बादली मोकळी सोडली. लहानू तळाची पहार बाजूला करायला पाठमोरा वाकला होता. बादली त्याच्या कमरेवर आली.

लहानू वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं.

काळू रडून सांगत होता, "आकडा बावीस होता. देवाशपथ बावीस." लोक म्हणाले, यंत्र खोटं बोलतं का? लहानूही दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाला, "माझ्या भावाचं यंत्र चुकायचं नाय. तूच बघितलं नसंल, काळू. पुन्हा तोंड दाखवू नको." वीस वर्षांची दोस्ती त्याने एका वाक्यात मोडली. काळू यारी सोडून वणीला बहिणीकडे निघून गेला.

निवृत्तीने ते यंत्र कित्येक महिने गाठोड्यात ठेवलं. मग एक दिवस माझ्यासमोर बाकावर मांडलं. दांडा 'वर'कडे टाकला आणि बादली घसरते तशी चकती हाताने उलट फिरवली. आकडा वाढायला हवा होता. तो कमी झाला. त्याने पुन्हा केलं, आकडा पुन्हा कमी झाला.

"नियाज," तो म्हणाला, "हे फिरतंय एवढंच त्याला कळतं. कुठल्या बाजूला ते कळत नाही."

आमच्या मशीनवर केबल कधी मागे येत नाही, म्हणून तिथे एक डोळा पुरायचा. निवृत्तीने तोच एक डोळा यारीवर नेला होता आणि दिशेसाठी दांड्यावर भरवसा ठेवला होता. दोन डोळे थोडे पुढे-मागे बसवले असते तर कुठल्याने खाच आधी पाहिली यावरून दिशा कळली असती. बादली होती चाळीसवर आणि यंत्र म्हणत होतं बावीस. मी त्याला म्हटलं, गप्प बस, आता बोलून कुणाचं भलं होणार आहे? त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो गावी गेला आणि खाटेशी बसून भावाला सगळं सांगितलं. लहानूने निवृत्तीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यावर राग नाय रं," तो म्हणाला. "पण काळूला आण. मला त्याचे पाय धरायचेत."

वणीला निवृत्तीसोबत मीही गेलो. काळू एका दुकानाच्या ओट्यावर नारळ सोलत होता. पार वाळला होता. निवृत्तीने हात जोडून खरं काय ते सांगितलं. काळूने काम थांबवलं नाही.

"सगळ्यांनी म्हटलं तसं मलाबी वाटाया लागलं," तो म्हणाला. "वाटलं, मीच नीट बघितलं नसंल. रोज सपनात मीच त्याला मारतो. आता तू येऊन सांगतोस, आकडा बरोबर वाचला होता म्हणून."

"लहानूदादा बोलावतोय. चल ना, काळूदादा."

"त्याला उभा कर. मग येतो."

परतीच्या एसटीत निवृत्ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मला काळूचा राग आला होता, आणि तो चुकीचा आहे असंही म्हणवत नव्हतं. गावात उतरलो तर लहानूची खाट दारात आणलेली होती. "आला का?" त्याने विचारलं.

"घरी नव्हता," निवृत्ती म्हणाला. "निरोप ठेवलाय. येईल म्हणाली बहीण."

त्यानंतर लहानू चार वर्षं जगला. दर बाजाराच्या दिवशी तो बायकोला, तानुबाईला, खाट दाराशी घ्यायला लावायचा. वणीची एसटी येऊन जाईपर्यंत तो कुणाला मध्ये उभं राहू द्यायचा नाही.