चिमटाबाई आणि दसऱ्याचा कागद

चिमटाबाई कागदाला कधी बोट लावत नसे. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गच्चीवर तिचे हवा ओढणारे यंत्र होते. त्यातला बरणीच्या झाकणाएवढा गोल पांढरा कागद ती चिमट्याने उचलून डबीत ठेवी. बोटाचा घामही वजनात येतो, म्हणे. नाव माझ्या आईने ठेवलेले. खरे नाव आमच्या घरात कोणी घेतलेच नाही.

ती नागपूरची. इथल्या एका संस्थेत हवेतले कण तपासायची. कण किती, एवढ्यावर तिचे भागत नसे. त्यांच्या पृष्ठभागावर काय चिकटले आहे, ते ती शोधी. "काका, कणाच्या आत साधी मातीच असते. पण फुफ्फुसाला आधी त्याची साल लागते."

आईला दमा होता. तिला माझ्या भावाकडे समता कॉलोनीत न्यावे की नाही, यावर घरात वाद चाले. म्हणून दोन्हीकडची हवा ताडून पाहायला चिमटाबाईचे दुसरे यंत्र मी भावाच्या गच्चीवर बसवून दिले होते.

दसऱ्याला आईने यंत्राला हळदकुंकू वाहिले आणि शेजारी उदबत्ती लावली. त्या दिवसाचा कागद बाद झाला. चिमटाबाईचा चेहरा उतरलेला पाहून आई म्हणाली, "काहून रुसून राहिली वो पोट्टी? दसऱ्याले हत्याराची पूजा करा लागते. तुहं हत्यार आमच्या घरी, मंग मीच केली." चिमटाबाई हसली. पुढे दरवेळी आधी आईच्या हातचा चहा घेई, मगच जिना चढे.

डिसेंबरात आईला धाप लागू लागली. तिने चिमटाबाईलाच विचारले, "सांग न माय, राहू का जाऊ?"

"आजी, अर्धाच हिवाळा झालाय. अर्ध्यावरून नाही सांगता येत."

आई संक्रांतीआधी याच घरात वारली.

निकाल घेऊन चिमटाबाई आली तेव्हा ऊन तापू लागले होते. उभ्यानेच म्हणाली, "तिकडची हवा बरी निघाली, काका. इथल्या कणांवर शिसं आणि गंधक जास्त आहे. मला डिसेंबरातच तसं दिसत होतं."

माझा जन्म हिशेबात गेला. अर्ध्या आकड्यांवर मीही सही केली नसती, असे मी तिला सांगितले. तिचे त्याने समाधान झाले नाही. माझेही नाही.

मग तिने पिशवीतून एक डबी काढली. आत दसऱ्याचा कागद होता. बाद नमुना फेकून द्यायचा असतो. तिने तो जपून ठेवला होता. त्यावर आईच्या उदबत्तीचा करडा थर होता.

"हा मोजणीत नाही," ती म्हणाली, आणि कागद उचलून माझ्या तळहातावर ठेवला. चिमटा न घेता.