आबांची किलवरची सत्ती

इरा, निहार, हे फोनवर सांगायला गेले तर मी रडेन आणि तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहिते. परवा निहारनं टोरांटोहून कळवलं, "आजी, डिसेंबरमध्ये मला एकवीस पूर्ण होतात. सिंगापूरला आलो की कसिनोत जाऊन आबांच्या पद्धतीनं ब्लॅकजॅक खेळणार. त्यांच्या आठवणीसाठी." ते वाचलं आणि ठरवलं, आता लपवायचं नाही.

आबा गेले त्या सकाळी मी तोआ पायोहच्या घरी डाळ भिजत घालत होते. खालच्या खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधून शेजारच्या टॅन अंकलचा फोन आला, "आंटी, कम डाउन नाऊ." मला वाटलं, कॉफीला गेलेले आबा पावसात अडकले असतील. मी त्यांची छत्री घेऊन लिफ्टनं उतरले. टेबलावर अर्धी कॉफी होती, आणि ते... सहा आठवडे झाले, ती छत्री कुठे ठेवली ते मला अजून आठवत नाही.

तुम्ही इथेच, सेंगकांगला राहत होता तेव्हा दर रविवारी आमच्याकडे चिंचोक्यांवर ब्लॅकजॅक चालायचा. किलवरची सत्ती हरवली तेव्हा आबांनी जोकरवर बॉलपेननं 'किलवर ७' लिहिलं. प्रत्येक पत्त्याआधी दोन्ही तळवे टेबलावर टेकवून एक श्वास घ्यायचा, असा त्यांचा नियम. एकदा निहारचे सोळा झाले होते, समोर आबांचा दहा. त्यानं पत्ता घेतला, बेरीज एकवीसच्या वर गेली आणि तो बुडाला. शाळेत उचललेल्या सिंगापुरी 'लाह'सकट ओरडला,

"आबा, तुमच्यामुळे हरलो लाह!"

"पत्त्यामुळे हरलास. पुन्हा सोळा आले तर?"

"...घेईन."

"रागानं?"

"नाही."

"मग चांगला खेळलास, गाढवा."

मला म्हणायचे, "नियम शिकायला एक दुपार पुरते. ओळीनं हरल्यावरही तसंच खेळायचं म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या बोटीवरच्या सर्टिफिकिटांच्या फायलीत एक पत्र सापडलं. दहा वर्षांपूर्वीचं, आपला रविवारचा खेळ सुरू होण्याआधी काही आठवड्यांचं. 'मला कसिनोत प्रवेश देऊ नये', असा अर्ज आबांनी स्वतःच स्वतःसाठी केला होता, आणि तो मंजूर झाला होता. त्याआधी दर गुरुवारी ते बोटीवरच्या जुन्या मित्राकडे जातो म्हणून निघायचे. मी चिवड्याचा डबा द्यायचे आणि तो रिकामा परत यायचा. मग एके दिवशी म्हणाले, "मित्र मुंबईला परतला." मी त्या मित्राच्या बायकोची तब्येतसुद्धा विचारायचे! माझा आबांवरचा राग अजून गेलेला नाही.

पत्राच्या मागे त्यांच्या इंजिनरूमच्या नोंदवहीसारख्या अक्षरात तीन ओळी होत्या: 'नियम पाठ. तिसऱ्या हरण्यानंतर पाळले जात नाहीत. सबब बंद.'

निहार, कसिनोत जाऊ नकोस. एवढे नियम येत असून आबा दहा वर्षं तिथे गेले नाहीत, आणि त्या दहा वर्षांत जे शिकवलं ते तुम्हाला घरी, या टेबलावर. डिसेंबरमध्ये ये, मी डीलर होईन. चिंचोके धुऊन ठेवले आहेत. तो कॅट जेवणाच्या टेबलाच्या खणात आहे. त्यात एक्कावन्न पत्ते छापील आहेत आणि एक त्यांच्या अक्षरातला.