अण्णांनी झटका मशीन बंद केलं

मंडळी, आज संध्याकाळी मी येडशीजवळच्या आमच्या शेतात अँटेना लावून बसले होते. विश्वातली पहिली चांदणी पेटायच्या आधी सगळीकडं जवळपास नुसता हायड्रोजन होता. त्याच्या रेडिओ लहरी अजूनही येतात, पण इतक्या क्षीण की त्या शोधायला रेडिओ लहरींचा गोंगाट नसलेली जागा लागते. आमचं रान तसं आहे का, ते तपासत होते.

लॅपटॉपवरची सिग्नलची रेघ मात्र सारखी उडत होती. "अण्णा, हा आपल्या झटका मशीनचा गोंगाट आहे," मी वडिलांना म्हणाले. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटके सोडतं, ते मशीन. अण्णा उठून गेले.

थोड्या वेळानं रेघ एकदम शांत झाली. आणि हरभऱ्याकडनं पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज यायला लागला! पळत गेले. मशीन बंद करून अण्णा स्वतःच बांधावर राखणीला उभे होते.

"ह्यो आवाज चालतो न्हवं तुझ्या अँटेनाला?"

"चालतो अण्णा. लई चालतो."

"मग जा, बस तिकडं. मोबाइल बी घरीच ठिवलाय म्या."

तुमच्या कामापायी तुमच्या घरी रानडुकरं कोण हाकलतं?