पापडीचा गल्याथ

पापडी गावच्या उर्सुलेला नवरा मिळाला तो अजगरामुळे, असं लोक सांगतात. हे अर्धंच खरं आहे. अजगराने काहीच केलं नव्हतं. काही न करणं हाच त्याचा स्वभाव होता आणि सगळा घोटाळा त्यावरूनच झाला.

उर्सुला तेव्हा चाळिशी ओलांडलेली. आईबाप गेल्यावर केळीची वाडी तिने एकटीने राखली होती. उंची अशी की चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला वेदी दिसायची नाही. वाडीत ओरडली की शेजारच्या वाडीतला गडी घाईघाईने विडी विझवायचा. दोन-चार स्थळं आली होती. माणूस यायचा, ही चहा घेऊन उभी राहायची, तो मान वर करून बघायचा आणि कप अर्धा ठेवून निघायचा.

"चांगल्या दुधाचा चहा फुकट गेला," एवढंच ती म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ कॉन्रॅड जहाजावर आचारी होता. आचारी बेताचाच, पण थापाड्या अव्वल. १९८१ साली पावसाळा संपता संपता तो सुट्टीवर आला तो काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्याच्या झाकणाला भोकं पाडलेली.

"बाय, आफ्रिकेचा अजगर आणलाय," तो म्हणाला. "आता पिल्लू आहे. वाढला की वीस फूट होणार. नाव ठेवलंय गल्याथ, बायबलातल्या राक्षसाचं."

उर्सुलेने डबा उघडला. आत तपकिरी-काळ्या ठिपक्यांची एक गुंडाळी होती. डोकं कुठे आहे ते कळेना.

"खातो काय हा?"

"आता उंदीर. पुढे बकरी."

"आणि बकऱ्या कोण आणणार? तुझा कप्तान?"

सुट्टी संपली तसा कॉन्रॅड जहाजावर गेला आणि गल्याथ मागे राहिला. उर्सुला चिडली, पण जीव होता, टाकणार कुठे? तिने त्याला आंब्याच्या पेटीत ठेवलं, वर जाळी ठोकली आणि वाडीतले उंदीर पकडून घालू लागली.

कॉन्रॅडने जाण्याआधी गावभर वीस फुटांचा डंका पिटला होता. त्यामुळे पापडीत सगळे गल्याथ वाढायची वाट बघत होते. बायका पोरांना उर्सुलेच्या कुंपणाजवळ जाऊ देईनात. केळीचे घड चोरीला जायचे बंद झाले. हा फायदा मात्र उर्सुलेला पटला आणि "वाढतोय, वाढतोय" असं तीही सांगू लागली.

शेवटी फादर आले. त्यांनी पेटीकडे लांबूनच पाहिलं.

"उर्सुला, एदेन बागेत काय झालं आठवतं ना?"

"आठवतं, फादर. पण तो साप बोलत होता. हा जेवायलासुद्धा तोंड उघडत नाही."

ते खरंच होतं. थंडी पडली आणि गल्याथने खाणं सोडलं. समोर उंदीर ठेवला की तो डोकं वेटोळ्यात खुपसून चेंडूसारखा गोल व्हायचा. बकरी राहिली बाजूला, हा उंदराला घाबरत होता. उर्सुला आधी रागावली, मग काळजीत पडली. शेवटी तिने गुरांच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर फेबियन शेजारच्या उमेळ्याचे. विधुर, बारीक अंगाचे, उर्सुलेच्या खांद्याला लागतील न लागतील एवढे. सायकलवरून आले, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही."

उर्सुलेला हे ऐकून बरं वाटलं. पापडीत असं म्हणणारा पुरुष तिने तोवर पाहिला नव्हता.

फेबियनचा एक ओळखीचा माणूस मुंबईत साप पाळायचा. त्याला विचारून ते पुढच्या आठवड्यात परत आले. "ही अजगरातली ठेंगणी जात आहे," त्यांनी सांगितलं. "तीन-चार फूट झाला की संपलं. भित्रा असतो. भ्याला की गोळा होतो. महिनोन्‌महिने उपास काढतो, पण मरत नाही. त्याला ऊब पाहिजे आणि लपायला जागा."

उर्सुलेने पेटीवर दिवा टांगला आणि आत एक फुटकं मडकं पालथं घातलं. गल्याथ मडक्यात शिरला. काही दिवसांनी त्याने उंदीर खाल्ला तेव्हा उर्सुला एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली.

दीड वर्षाने कॉन्रॅड परत आला. चर्चच्या सणाला फनफेअर होतं. त्याने बहिणीला न विचारता एक स्टॉल धरला, पडदा लावला आणि बाहेर पाटी टांगली: 'वीस फुटी आफ्रिकन अजगर. गरोदर बायांनी आत येऊ नये.'

"अरे, तो साडेतीन फुटांचा आहे," उर्सुला म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता वाढणार नाही."

"गुरांच्या डॉक्टरला काय कळतं? पेटी आण."

तिने पेटी आणली, कारण भावाची फजिती बघायची तिलाही हौस होती. स्टॉलसमोर तोबा गर्दी जमली. गरोदर बाया सगळ्यात पुढे. कॉन्रॅडने जंगलातली एक चित्तथरारक गोष्ट सांगितली, हातभर मागे सरकून पडदा ओढला आणि लोकांना पेटीत नारळाएवढा गोळा दिसला.

मागचे टाचा उंचावून बघू लागले. मग कळंबची एक मासळीवाली ओरडली, "अगो, ही तर माझी चुंबल! कोनी पळवली?"

डोक्यावर पाटीखाली घ्यायची ती चुंबळ. गल्याथ दिसतही तसाच होता. माणसं पोट धरून हसली.

"उचलून दाखव ना, कॉन्रॅड!" कुणीतरी म्हणालं.

कॉन्रॅडचा चेहरा पिठासारखा झाला. उर्सुलेने पेटी त्याच्यापुढे धरली. तो बाकावर चढला.

"लांब ने! बाय, लांब ने त्याला! मी कधी हात लावलेला नाही. एका खलाशाने डबा दिला तसा आणला. भोकंसुद्धा त्यानेच पाडली!"

आता हसण्याला धरबंद राहिला नाही. उर्सुलाही हसणार होती. पण पेटीत गल्याथने डोकं आणखी आत खुपसलं, तेवढं तिला दिसलं. जन्मभर लोक तिला मोठी म्हणून हसले होते. लहान म्हणूनही हसतात, हे तिला नवीन होतं. तिने तो गोळा उचलून ओंजळीत घेतला.

"हसायला काय झालं?" तिचा आवाज फनफेअरच्या दुसऱ्या टोकाला गेला. "लहान आहे तर लहान आहे! कुणाला चावत नाही, कुणाची केळी चोरत नाही. तुमच्यातल्या किती जणांबद्दल असं सांगता येईल?"

काहीजण उगाच खाली बघू लागले. गर्दीत मागे, कुणाला न दिसणाऱ्या उंचीवरून, कुणीतरी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. ते फेबियन होते.

त्यानंतर फेबियन दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर गल्याथला बघायला येऊ लागले. गल्याथ ठणठणीत होता. उर्सुलेने बरेच रविवार हे चालू दिलं. मग एकदा चहा देताना ती मुद्दाम समोर उभी राहिली.

"डॉक्टर, तो बरा झालाय. तुम्ही अजून का येता?"

"खातोय की नाही ते बघायला."

"खातोय. मग?"

फेबियनने मान वर करून तिच्याकडे बघितलं, कप पूर्ण रिकामा केला आणि म्हणाले, "मग अजून एक कप चालेल."

१९८४ च्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं. वाडी सोडून उर्सुला कुठे जाणार नव्हती, म्हणून फेबियनच बिऱ्हाड घेऊन पापडीला आले. गावाने घरजावई म्हणून चिडवलं. ते म्हणाले, "हो, आहे." पुढे चिडवायला काही उरलं नाही. पहिल्याच आठवड्यात नव्या उत्साहात ते कोयता घेऊन वाडीत गेले आणि फळायला आलेली केळ घड देऊन झालेली समजून बुंध्यातून तोडून आले. उर्सुलेने त्यांना जे झापलं ते चर्चच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि संसार बरा चाललाय असं ठरवून टाकलं.