वेंडेलचं पांढरं मत

बंदरातल्या फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या लॉजचं, म्हणजे त्यांच्या सभागृहाचं, तळघर वेंडेल झ्विकरच्या ताब्यात होतं. तिथे लोखंडी खाटा, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या. गावात कुणाचं कंबरडं मोडलं की डॉक्टरच्या खालोखाल वेंडेललाच खबर लागायची. माणूस लॉजचा की बाहेरचा, हे विचारायचं नाही. खाट पोचवायची, जोडून द्यायची, पैसा घ्यायचा नाही. लोक म्हणायचे, ही मंडळी वर बंद दाराआड काय करतात देव जाणे, पण वेंडेल खाली काय करतो ते साऱ्या बंदराला ठाऊक आहे.

बंदराला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. वेंडेलचा धाकटा भाऊ पर्सी हा क्लाइड बुटिलियेच्या बोटीवरून बुडाला होता. खवळलेल्या समुद्रात शेवंडीचे पिंजरे काढायला बोट घातली ती क्लाइडनंच. तेव्हापासून वेंडेल त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता त्याच क्लाइडनं लॉजमध्ये यायला अर्ज केला होता.

मतदान गुप्त. पेटीत हात घालायचा आणि पांढरी नाहीतर काळी गोळी टाकायची. एक काळी पडली तरी माणूस बाहेर. कुणी काय टाकलं हे विचारायचं नाही आणि आपण काय टाकलं हे मरेपर्यंत सांगायचं नाही. तशी शपथच असते.

पेटी वेंडेलसमोर आली. पर्सीच्या बायकोच्या घराचं छप्पर लॉजनं घातलं, तेव्हा क्लाइड न बोलावता दिवसभर फळ्या वाहत होता, ते त्यानं पाहिलं होतं. वैर किती पोसायचं माणसानं? त्यानं पांढरी टाकली.

लॉजच्या प्रमुखानं, मास्टरनं, पेटी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. "एक काळी आहे. कुणाचा हात चुकला असेल. पुन्हा टाका."

साऱ्या माना वेंडेलकडे वळल्या आणि लगेच फिरल्या. मी नाही रे बाबांनो, असं ओरडावंसं वाटलं त्याला. दुसऱ्या खेपेला त्यानं पांढरीच टाकली. पेटीत पुन्हा एक काळी निघाली.

जिन्यात लॉर्न कॉर्कमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शाळेपासूनचा दोस्त, पर्सीची शवपेटी खांद्यावर घेतलेला. "पर्सीला विसरलेलो नाही आम्ही," तो कुजबुजला. "तुझा हात धजावला नाही, तरी तुझ्या बाजूनं लढणारा आहे."

वेंडेलनं तो हात खांद्यावरून खाली काढला. "लॉर्न, शपथ मोडतोयस तू."

"मी कुठे काय बोललो? घरी जा, म्हाताऱ्या, नीट झोप."

आठवडा गेला. क्लाइड तळघराच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात.

"आईचा खुबा मोडलाय. खाट हवी होती. द्याल ना?"

वेंडेल खाट ओढू लागला.

"वेंडेल, काळी तुम्हीच टाकलीत ना? टाकली असेल तर टाकली, तुमचा हक्कच आहे. मी रागावलो नाही. पण एकदा तोंडानं सांगा. ह्या गप्प राहण्यानं जीव जातो माझा."

एक 'नाही' पुरेसं होतं. पण 'नाही' म्हटलं की शपथ गेली. आणि मग दुसरा कोण, हे शोधायला बंदराला किती वेळ लागणार? लॉर्नचा मूर्खपणा, पण तो माया करणाऱ्याचा मूर्खपणा. किती सोपं होतं, आणि तेवढंच करता येत नव्हतं.

"आई कुठल्या कुशीवरून उठते?" त्यानं विचारलं.

"डाव्या."

"मग कठडा उजवीकडे लावू. ते टोक उचल."

क्लाइडनं टोक उचललं. पायऱ्या चढून होईपर्यंत त्यानं वेंडेलकडे पाहिलं नाही. वेंडेलनं 'नाही' म्हटलं नाही, यातच त्याला उत्तर मिळालं होतं, आणि ते खोटं होतं.