घाणेरीवरचा राग

महानंदाची गाय घाणेरी खाऊन मेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

ईट गावाच्या पलीकडं, बालाघाटाच्या उतारावर तिचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, त्याला सगळे माळच म्हणतात. नावाला गायरान. गवत कधीचं गेलेलं आणि उतारभर घाणेरी माजलेली. फुलं लाल-पिवळी, गोजिरवाणी, आत नुसती काट्यांची जाळी. त्या उन्हाळ्यात कडबा सरला तेव्हा महानंदानं गाय माळावर सोडली. हिरवं म्हणून दुसरं काही नव्हतंच, गायीनं तोच पाला ओरबाडला. आधी रवंथ थांबला. मग डोळे पिवळे पडले, नाकावरची कातडी उन्हानं सोलून निघायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि सांगितलं, "घाणेरी खाल्लीय. उशीर झाला, बाई."

"मग असलं झाड गायरानात ठिवलंय कुणी?" महानंदानं विचारलं.

डॉक्टरांनी मोटारसायकलला किक मारली.

गाय पुरली त्याच्या दुसऱ्या दिवशी महानंदानं टिकाव खांद्यावर टाकला. नवरा सिद्धाराम ओसरीवर बसला होता. स्वभावानं मऊ माणूस. म्हणाला, "एकटीनं काय हुणार? उतार केवढा हाय."

"हुईल तेवढं हुईल."

"आता राग काढून काय? गाय तर तूच सोडली हुतीस."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, पण शब्द सुटला होता. महानंदा उंबरा ओलांडून तडक निघून गेली. त्या दिवशी घाणेरीवर तिनं जे घाव घातले, त्यातले निम्मे कुणावर होते ते तिचं तिला ठाऊक. संध्याकाळी कोपरापर्यंत ओरखडे घेऊन परतली, चूल पेटवली, सिद्धारामापुढं ताट आदळलं.

पहिलं वर्ष वाया गेलं. वरून छाटलेली घाणेरी पावसाळ्यात दुपटीनं फुटून आली. ती बघून महानंदाला रडू आलं नाही, संताप आला. शेळ्या राखणाऱ्या गजराबाईनं तिला भर माळावर शिव्या घालताना ऐकलं. गजराबाई सत्तरीची. म्हणाली, "झाडाला शिव्या देऊन जातंय व्हय? बूड उपट. आन् मुळं वर करून खडकावर वाळाया टाक."

मग दोघी झाल्या. पुढं हळूहळू आणखी बाया यायला लागल्या. अमावस्येला शेतातली कामं बंद असतात, तो दिवस माळाचा ठरला. फक्त येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सुट्टी, कारण त्या दिवशी जो तो आपल्या शेतात आंबील पीत बसलेला असतो. महानंदा कुणाला बोलवायला जात नसे आणि आलेल्यांशी गोडही बोलत नसे. एकीनं घाणेरीसोबत तरवडही उपटला तेव्हा ती अशी कडाडली, की ती बाई दोन अमावस्या आली नाही. "तरवड आपला हाय, बोरी आपली हाय," महानंदा म्हणायची. "ह्यांनी कुणाचं काय खाल्लंय?"

मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी बांधावरच्या मारवेल गवताचे ठोंब आणून लावले. पवन्या गवताचं बी गजराबाईनं डोंगराच्या एका कपारीतून ओटीत भरून आणलं. दोन पावसाळ्यांनी उतार गुडघाभर गवतानं हलायला लागला. पहाटे तितर ओरडायचे. सिद्धाराम पहिल्यांदा विळा घेऊन वर आला, भारा बांधला, आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "लई बेस झालं."

पुढच्या वर्षी, मृगाच्या आधी, माळावर जेसीबी आला.

आणला होता गुरुलिंगनं. सिद्धारामाचा धाकटा भाऊ, ग्रामपंचायतीचा सदस्य. झाडं लावायचा कार्यक्रम होता. गुलमोहराची, गिरिपुष्पाची रोपं ट्रॅक्टरमध्ये होती, फलक तयार होता. महानंदाला निरोप लागेपर्यंत खालच्या अंगाला ओळीनं खड्डे पडले होते. मारवेलीचे ठोंब मुळासकट उलथून पडलेले. तिनं एक उचलला, हातात धरला, तशीच मशीनसमोर जाऊन उभी राहिली. चालवणाऱ्यानं मशीन बंद केलं.

"भावजी, हे काय कराय लागलाव?"

"झाडं लावतोय, वहिनी. झाडं लावणं वाईट हाय का?" गुरुलिंग हसत म्हणाला.

"वर अजून घाणेरी हाय. तिथं लावा की."

"तिथं मशीन जात न्हाय. तुमी जागा साफ केलीत म्हणून तर हितं घेतलं."

"मशीन जात न्हाय तिथं आमी हातानं गेलाव," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच गुरुलिंगचं हसू मावळलं. "तुमाला ही रिकामी जागा दिसली? हे गवत हाय, भावजी. गवत."

"गवतासाठी कुणी भांडतं का? लोकं हसतील."

तेवढ्यात सिद्धाराम आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "चल घरी. घरातला तमाशा नगं."

"तुमी जावा," ती म्हणाली आणि खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली.

गजराबाई काठी टेकत आली, शेजारी बसली. आणखी काही बाया आल्या. काही आल्या नाहीत. गुरुलिंगचा दबदबा होता, आणि त्या न आलेल्या बायांचा राग महानंदाच्या मनात अजून आहे. सिद्धाराम थोडा वेळ घुटमळला. घरी गेला नाही आणि बसलाही नाही, लांब एका बोरीखाली उभा राहिला. दुपारपर्यंत वाट बघून मशीन माघारी गेलं. वरचा उतार वाचला. खालच्या अंगाला झालेल्या खड्ड्यांत रोपं लागली, फोटो निघाले.

दिवाळीपर्यंत रोपं वाळून काटक्या झाली. त्यांना पाणी घालायला कुणी फिरकलंच नव्हतं. उकरलेल्या मातीत मात्र घाणेरी उगवून आली. बाया म्हणाल्या, ज्यानं खड्डे पाडले त्यालाच उपटू दे. महानंदालाही तेच वाटत होतं. तरी ती टिकाव घेऊन गेली, दात-ओठ खात.

उन्हाळ्यात गुरुलिंगच्या गोठ्यातली वैरण संपली. तो दारात आला, माळाचं गवत मागायला. महानंदानं चहा दिला आणि सांगितलं, "कापा की. गायरान गावाचंच हाय. पण आधी खालचे उरलेले खड्डे साफ करा."

"मला सांगताव? सदस्याला?" तो अर्धा चहा टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको शारदा एकटीच माळावर आली. डोक्यावर टॉवेल, हातात टिकाव. महानंदा तिच्याशी बोलली नाही. जाऊ असली म्हणून काय झालं, जेसीबीच्या दिवशी ती घरात बसून होती. दोघी शेजारशेजारच्या खड्ड्यांत राबल्या. उन्हं चढल्यावर शारदा म्हणाली, "मला येऊ दिलं नव्हतं, बाई."

महानंदानं तिच्याकडं पाहिलं. मग विळा उचलून वरच्या अंगाला गेली आणि शारदाच्या भाऱ्यासाठी गवत कापायला लागली.

गुरुलिंगशी ती आजही बोलत नाही. सणाला तो घरी आला की त्याला वाढते, आणि ताट ठेवून आत निघून जाते.