पिवळ्या शर्टाचे दोन खून

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो, आणि पाठोपाठ हसूही फुटतं. नव्वदच्या दशकाचा शेवट. मी नाशिकच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो.

एक झेंडूवाला शेतकरी धापा टाकत आला. "साहेब, बायकोनं खून पाहिला. तवापासून घराबाहेर पडत नाय."

मी घरी गेलो. भर दुपारी दारं-खिडक्या बंद. बाई मुलीला कवटाळून कोपऱ्यात बसलेली. "मळ्याच्या वाटेवर पिवळ्या शर्टवाल्याला भोसकलं. मारणाऱ्यानं माझ्याकडं पाहून तोंडावर बोट ठेवलं. त्यानं मला पाहिलंय साहेब, तो येणार."

वाटेवर लाल डाग होते, प्रेत नव्हतं. पंचनामा केला, डाग तपासणीला पाठवले, विहिरी धुंडाळल्या. दिवस कलला की मळे ओस पडू लागले. तेवढ्यात सायखेड्याहून खबर आली: तिथंही एका म्हाताऱ्यानं खून पाहिला. मयताचा शर्ट पिवळा!

हवालदाराचा चेहरा उतरला. "साहेब, हा गडी तर दोनदा मेला!"

दोन्ही ठिकाणांमधल्या गोदाकाठच्या वाटेवर साध्या वेशात सापळा लावला. संध्याकाळी सुरा उगारला गेला, आम्ही झडप घातली, आणि सगळ्यांत पुढे पळाला तो मयत! उसाआडून लाल रंगाची बाटली घेतलेला एक चष्मेवाला संशोधकही निघाला.

चौकशीत तो शांतपणे म्हणाला, "खून नाटकी होते, भीतीचा अभ्यास आहे. आधी सांगितलं तर खरी भीती कशी दिसणार?"

"आणि नंतर?"

"नंतर सांगायची गरज वाटली नाही."

हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, ह्यांना आत टाकून आपणबी थोडा अभ्यास करू का?"

हसू दाबून मी तिघांना त्या बाईसमोर उभं केलं. मयताला पाहून ती किंचाळली. मग तिनं त्याचं पोट चाचपलं.

"ताई, सगळं खोटं होतं," संशोधक म्हणाला.

"माझी पोर झोपेत वरडती, ते खोटं हाय का? मला आधी इचारलं का नाय, दादा? आमी माणसं नाय का?"

ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

गुन्हा दाखल झाला, पण भीती घालायला त्यांना एक संध्याकाळ पुरली होती, ती काढायला माझं अख्खं ठाणं पुरलं नाही. तेव्हापासून साक्षीदाराला माझा पहिला प्रश्न एकच असे: "बोलायची तयारी आहे का?" नाही म्हणाला, तर चहा पाजून घरी सोडायचो. वरिष्ठ चिडायचे. चिडोत बापडे.